सोजरकाकू रडल्या तो मार्गशीर्ष

मार्गशीर्ष लागला की नांदेडच्या भाजीबाजारात ओल्या तुरीच्या शेंगांचे, वालाचे आणि हरभऱ्याच्या डहाळ्यांचे ढीग लागतात, आणि मला सोजरकाकू आठवतात. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं, तर मी आईवडिलांच्याही आधी त्यांचं नाव घेतो. आईलाही ते मान्य आहे. ती म्हणते, "जल्म म्या दिला रं, पर तुला लातूर सोजरनं दाखवलं."

काकू आमच्या नात्यातल्या कुणी नाहीत. त्यांच्या आणि आमच्या घराच्या मधे एकच भिंत, एवढंच नातं. पण आमच्या गावच्या बुद्धवाड्यात भिंत ही काही वेगळं करणारी गोष्ट नव्हती. तिकडं फोडणी पडली की इकडं आम्हाला ठसका लागायचा, आणि इकडं मी मार खाल्ला की तिकडून काकूंचा आवाज यायचा, "बास की आता! का जीव घेता पोराचा?"

दहावीनंतर लातूरला वसतिगृहाच्या प्रवेशासाठी त्याच मला घेऊन गेल्या. वडील अहमदपूरला धान्याच्या मोंढ्यात पोती उचलायचे. क्विंटलच्या पोत्याला न घाबरणारा माझा बाप कचेरीच्या खिडकीला मात्र घाबरायचा. त्या दिवशी खिडकीतल्या साहेबांनी माझे कागद चाळले आणि सांगितलं, एका दाखल्यावर शिक्का नाही, आणि प्रवेशाचा आजच शेवटचा दिवस. माझ्या मागं ही लांब रांग. मला रडूच फुटलं. मिसरूड फुटलेला मी, चारचौघांत हुंदके द्यायला लागलो. काकूंनी मला जवळबिवळ घेतलं नाही. माझ्या हातातला दाखला घेतला, पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "रडायचं तर रड. पर रांग सोडू नको."

आणि त्या दुसऱ्या कचेरीतून शिक्का आणायला पळाल्या. मी मागच्यांना पुढं जाऊ देत, खिडकीचा गज धरून, रडत उभा राहिलो. काकू घामानं निथळत परत आल्या तेव्हा साहेब खिडकी लावायच्या बेतात होते. मी तिथंच होतो. त्या खिडकीतून आत गेलो तो पुढं पदवी घेऊनच बाहेर आलो. आमच्या घरातली ती पहिली पदवी. आज नांदेडच्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक म्हणून पांढरा कोट घालून उभा असतो, तेव्हा कधीकधी त्या खिडकीचा गंजका गज हाताला लागल्यासारखा वाटतो.

मार्गशीर्षाच्या शेवटी येते ती येळवस. वेळ अमावस्या म्हणतात पुस्तकात. आमच्याकडचा, लातूर-नांदेड बाजूचा, हा सण दुसरीकडच्या माणसाला सांगून समजत नाही. त्या दिवशी गावंच्या गावं शेतात जाऊन जेवतात. बाजाराच्या पेठेत शुकशुकाट असतो आणि बांधाबांधावर माणसं. आदल्या रात्रीपासून घराघरात भज्जी शिजत असते. तिच्यात तूर, वाल, हरभरा, वाटाणा, गाजर, मेथीची भाजी, काय नाही ते पडतं, आणि चिंच-बेसनात सगळं एकजीव होतं. मडक्यात आंबील आंबत ठेवलेली असते. सकाळी आई डोक्यावर ते मडकं घेऊन निघाली की आंबिलीचे थेंब तिच्या कपाळावर यायचे आणि जिरं-लसणाचा वास तिच्या मागोमाग पांदीच्या वाटेनं चालायचा. शेतात ज्वारी पोटऱ्यात आलेली. करडईच्या काट्यांतून चालताना पायाला ओरखडे. थंडी अशी की ऊन पाठीवर घेऊन जेवावं.

आमच्याकडं शेत नव्हतं. काकूंकडं गायरानातला एक तुकडा होता, दगडधोंड्याचा, पण होता. आमची येळवस तिथंच. वडील सांगायचे, त्यांच्या लहानपणी आमच्या माणसांना पाटलांच्या शेतात येळवशीला बोलवायचे खरं, पण बांधाच्या अलीकडं बसवून वाढायचे. म्हणून काकू आपल्या तुकड्यात बांधच घालू देत नसत. "बांध घातला की कुणाला अलीकडं बसवावं लागतंय," म्हणायच्या. वाटेनं जाणाऱ्या कुणालाही त्या हाक मारत. येळवशीला कुणी उपाशी पुढं गेलं नाही पाहिजे, हा रिवाज सगळ्यांचाच, पण काकू तो जरा जास्तच मनावर घेत. एकदा त्यांनी एका मोटारसायकलवाल्याला पार फाट्यापासून परत बोलावून जेवू घातलं होतं. तो बिचारा शेजारच्या शेतातून जेवून आला होता.

अशा या काकू गावच्या सरपंच झाल्या. जागा राखीव निघाली, लोकांनी उभं केलं, निवडून आल्या. नामदेवकाका, म्हणजे त्यांचे यजमान, रिक्षा चालवतात. निकालाच्या दिवशी अंगावर गुलाल घेऊन ते म्हणाले होते, "म्या आधीपासूनच हिच्या हुकमात हाय. आता गाव बी आलं."

मी सांगतोय तो गेल्या वर्षीचा मार्गशीर्ष.

त्याच्या आधी भादव्यात आमच्या नदीवरचा पूल वाहून गेला होता. पूल कसला, सिमेंटच्या नळकांड्यांवर टाकलेला रस्ता. पण त्याच्यावरून नदीपलीकडच्या वाडीत एसटी यायची आणि त्या एसटीनं वाडीतल्या पोरी अहमदपूरला कॉलेजला जायच्या. पूल गेला, गाडी अलीकडच्या फाट्यावरूनच वळायला लागली. पोरं नदी उतरून, मिळेल त्या मोटारसायकलवर बसून जायची. पोरींना कोण तसं जाऊ देणार? काकू त्या पुलासाठी तालुक्याला गेल्या, लातूरला गेल्या, साहेबांच्या दारात बसल्या. पूल मंजुरीत होता. मंजुरी कुठं होती ते कुणालाच माहीत नव्हतं.

मार्गशीर्षातली ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. सतरंजी, एक टेबल, सर्दी झाल्यासारखा मधेच खरखरणारा माईक. कुणीतरी विचारलं, पुलाचं काय झालं. काकू उठून उत्तर देणार, तेवढ्यात वाडीतली अर्चना उभी राहिली. बारावीला होती. नदी उतरून आली होती, सलवारीचे काठ ओले होते. ती म्हणाली, "सरपंचताई, आता पुलाचं ऱ्हाऊ द्या. तुमी लई चकरा मारल्या. मला आता कॉलेजला जायचं न्हाई. वैशाखात माझं लग्न हाय."

एवढंच. तक्रार नव्हती. आवाजही चढला नव्हता. ती उलट काकूंनाच मोकळं करायला उठली होती.

आणि काकू रडल्या. माईक हातात तसाच होता, त्यामुळे त्यांचा श्वास सगळ्या व्हरांड्यात ऐकू गेला. पदर डोळ्याला लावायचंही त्यांना सुचलं नाही. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं. तो व्हिडिओ तिथंच संपतो. त्याच्या पुढचं फक्त तिथं बसलेल्यांनी पाहिलं. काकूंनी नाक पुसलं, ग्रामसेवकाकडं वळल्या आणि म्हणाल्या, "साहेब, पुढचा विषय घ्या." आणि सभा शेवटपर्यंत चालवली.

पण पुढचा विषय व्हिडिओत नव्हता ना.

संध्याकाळपर्यंत तो अहमदपूरला पोचला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या महाविद्यालयात. वाटेत कुणीतरी मूळ आवाज काढून मागं गाणं घातलं होतं. हसणाऱ्यांसाठी एक चावट गाणं, हळहळणाऱ्यांसाठी एक रडकं. दोन्हींत काकू मुक्यानंच रडत होत्या. चहाच्या टपरीवर आमचा शिपाई मला दाखवत म्हणाला, "मिलिंदभाऊ, हे तुमच्याकडचंच की! काय ॲक्टिंग हाय बाईची, एक नंबर."

मी म्हणालो, "आमच्या शेजारी राहतात त्या. ॲक्टिंग नाही ती."

तो वरमला. मग म्हणाला, "मग तर लईच कच्ची हाय बाई. सरपंचानं रडून कसं चालंल?"

म्हणजे खोटी असली तरी चूक आणि खरी असली तरी चूक. मागं एका पुढाऱ्याचं तिकीट कापलं गेलं तेव्हा तो भरसभेत ओक्साबोक्शी रडला होता. तेव्हा याच टपरीवर लोक म्हणाले होते, नेता गहिवरला, माणूस मनानं हळवा आहे. तो स्वतःसाठी रडला होता. काकू दुसऱ्याच्या पोरीसाठी रडल्या तर त्या कच्च्या.

आमच्या विभागात देशपांडे मॅडम आहेत. निवृत्तीला आलेल्या, अतिशय शिस्तीच्या. त्यांनी व्हिडिओ पूर्ण पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बाईनं कामाच्या ठिकाणी रडू नये, मिलिंद. लोक तेवढंच लक्षात ठेवतात. मी नोकरीभर स्टाफरूमच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले." आणि मग चष्मा पुसायला लागल्या. म्हणाल्या, "केवढं पाणी वाया घालवलं असेल मी."

हे मी काकूंना सांगायला फोन लावला, तर फोन बंद. मग आईला लावला. ती म्हणाली, "तिनं फोन ज्वारीच्या कोठीत टाकलाय. उघडीना. राजीनामा देणार म्हणतीय येळवस झाली की."

रविवारी मी पहिल्या गाडीनं निघालो. अहमदपूरच्या बसस्थानकावर गाडी बदलायची होती. बाकावर शेजारी बसलेले दोन म्हातारे त्याच विषयावर होते. एक म्हणाला, "रडून काय पूल होत असतोय व्हय?" दुसरा तंबाखू मळत म्हणाला, "आधीचा सरपंच सगळी मुदत हासत बसला. तवा झाला का?" पहिल्यानं तंबाखूसाठी हात पुढं केला.

गावच्या फाट्यावर उतरलो आणि वर पाहिलं तर काकू. भलामोठा फ्लेक्स. त्यावर काकूंचा रडतानाचा चेहरा, गालावरचा थेंब मुद्दाम मोठा आणि चमकदार केलेला, आणि खाली लिहिलेलं, 'या आसवांची किंमत विरोधकांना मोजावी लागेल!' त्याच्याही खाली शुभेच्छुक म्हणून गावातल्या पोरांचे गॉगल घातलेले फोटो. मी तसाच काकूंच्या घरी गेलो. फ्लेक्स लावणारा बंटी तिथंच अंगणात उभा होता आणि काकू सुपात तूर पाखडत होत्या.

"काकू, फोटो कसला भारी आलाय बगा की!"

"माझं नाक गळलालंय त्यात. गळकं नाक साऱ्या गावाला दाखवून राहिलास व्हय रं?"

"तसं न्हाई, काकू. लई सहानुभूती हाय. ह्या लाटंत तुमी झेडपीला उभं ऱ्हावा. निस्तं एकदा अजून सभेत तसं..."

बंटीनं वाक्य अर्धंच सोडलं. काकूंनी सूप खाली ठेवलं होतं.

"काढ ते," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता काढ."

तो गेल्यावर त्यांनी सूप पुन्हा उचललं. सुपातला एक खडा शोधत राहिल्या. मग म्हणाल्या, "हासणाऱ्याचं मला काय वाटत न्हाई रं, मिलिंद. आपल्याला हासायला लोकाला कव्हा कारण लागलंय? पर ह्या वाहवा करणाऱ्याचं भ्या वाटतंय. आता पुढच्या टायमाला रडू आलं, तर माझं मलाच कळायचं न्हाई, की खरं आलं का ह्यांच्यासाठी आलं. असं माणूस त्या खुर्चीत बसू नये. दिऊन टाकते राजीनामा."

मी पदवीधर माणूस. नांदेडहून खास समजूत घालायला आलेला. मीही सुपातले खडे शोधायला लागलो. खाटेवर बसलेले नामदेवकाका म्हणाले, "कांदा चिरताना न रडणारी बाई ही. आता कुणी कांदा बी चिरू दीना तिला."

तेवढ्यात बोळातून बायका येताना दिसल्या.

पाच-सहा जणी होत्या, पलीकडच्या वाडीच्या. नदी उतरून आल्यामुळे लुगड्यांचे काठ ओले. पुढं गयाबाई, अर्चनाची आजी. सगळ्यांच्या डोक्यावर पदर पुढं ओढलेले, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. कुणी बोलत नव्हतं. आमच्याकडं मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. सोयरेधायरे, ओळखीपाळखीचे भाकरी-पिठलं बांधून नेतात आणि त्या घरच्यांना घास खायला लावतात. त्या बायकांची चाल ती होती. दारात येताच गयाबाईंनी गळा काढला, "काय झालं गं माय माझे, कसं झालं गं..." आणि तेवढ्यात त्यांना खाटेवरचे नामदेवकाका दिसले. हुंदका अर्ध्यात थांबला.

"आगं बाई! हे तर हायती!"

"हाव, हाय की म्या," काका उठून बसले. "मला कामून मारलालाव?"

मागच्या एकीला हसू आलं, तिनं ते पदरात दाबलं. गयाबाई अजून गोंधळलेल्याच. त्यांनी काकूंना आपादमस्तक पाहिलं, घरात डोकावल्या.

"मग कोण गेलं?"

"कुणीच न्हाई गेलं, गयाबाई."

"आसं कसं? सुनंच्या फोनात बगितलं म्या. मागं गाणं वाजत व्हतं आन् तू रडत व्हतीस. म्हणलं, सोजर अशी भरल्या माणसात रडणारी बाई न्हाई. घरात मोठं काहीतरी झालं आसंल. आता पूल न्हाई, सांगावा कोण आणणार? म्हणून भाकरी थापल्या आन् निघालाव."

तो व्हिडिओ पाहून इतकी माणसं इतकं बोलली होती. खरं रडली, खोटं रडली, कच्ची आहे, भारी आहे, निवडून येईल, पडेल. या बायकांनी फक्त विचारलं होतं, कोण गेलं. आणि विचारायला त्या थंड पाण्यातून नदी उतरून आल्या होत्या.

आता प्रश्न भाकरीचा. दुःखाच्या घरी नेलेली भाकरी परत घरी आणत नाहीत, अशुभ मानतात. बायका फडकी हातात धरून अवघडल्या. काकू उठल्या, सतरंजी अंथरली आणि म्हणाल्या, "आणलीव तर खाऊ. बसा समद्या. मिलिंद, कांदा फोड."

आम्ही सगळे जेवायला बसलो. अजून गरम असलेलं पिठलं, ज्वारीची भाकरी, बुक्कीनं फोडलेला कांदा. काकांची चेष्टा चाललीच होती. "मेल्यावर एवढं मिळत आसंल तर म्या महिन्याला मरतो," ते म्हणत होते. मग गयाबाईंनी घास हातात धरून विचारलं, "पर मग रडलीस कुणासाठी?"

काकूंनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"तुमच्या अर्चनासाठी."

गयाबाई म्हणाल्या, "आमची अर्चना? ती कवा सभेला आली व्हती?"

"आली व्हती. नदी उतरून आली व्हती. म्हणली, ताई, आता पुलाचं ऱ्हाऊ द्या, वैशाखात माझं लग्न हाय. माझा जीव हलका करायला उठली व्हती ती पोरगी. मला वाटलं, म्या एक पूल बांधू शकले न्हाई आन् पोरीनं मला माफ बी करून टाकलं."

गयाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. स्थळ त्यांनीच आणलेलं होतं. चांगलंच होतं, मुलगा कमावता होता, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "घरात काय बोलली न्हाई ती. रडली बी न्हाई. म्हणलं, खूश हाय." आणि थोड्या वेळानं, "ती रडली न्हाई आन् तिच्यासाठी तू रडलीस."

जेवण झालं, फडकी झटकून घड्या झाल्या. दुःखाच्या घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, नुसतं उठून निघायचं असतं. गयाबाई उंबऱ्यापर्यंत तशाच गेल्या. मग मागं वळल्या आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या, "येते गं, सोजर." मग एकेक करत सगळ्या म्हणाल्या. येते गं बाई. येते गं. बोळ संपेपर्यंत ते ऐकू येत होतं.

तरीही संध्याकाळी मी निघालो तेव्हा काकू म्हणाल्या, "तू कायबी म्हण. येळवस झाली की देणारच." मी काहीच म्हटलेलं नव्हतं. गाडीत बसल्यावर मला सगळं बोलायला सुचलं. फोन ज्वारीच्या कोठीत होता. म्हणून नांदेडला आल्यावर मी पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी टपालात टाकलं.

त्या येळवशीला मी गावी गेलो. काकूंच्या बिनबांधाच्या तुकड्यात माणसं मावत नव्हती. वाडीच्या बायका होत्या, गयाबाई होत्या, अर्चनाही होती, भज्जीच्या पातेल्यापाशी बसून वाढत होती. पत्राचं काकूंनी नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही. जेवणं झाल्यावर हरभरा सोलत सोलत त्या एवढंच म्हणाल्या, "बुधवारी पुलासाठी लातूरला चाललेय. ह्या समद्या यायच्या म्हणत्यात. तुला सुट्टी हाय का?"

"आणि राजीनामा?"

"त्यो द्यायला मला कुठं आता सुट्टी हाय," त्या म्हणाल्या आणि सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले.

अर्चना परीक्षा होईपर्यंत काकूंच्या घरी राहिली. आमच्या भिंतीपलीकडं ती मोठ्यानं पाठांतर करायची, आणि आईला आता जीवशास्त्रातले काही शब्द येतात. वैशाखातलं लग्न गयाबाईंनीच पुढं ढकललं. सोयऱ्यांना त्यांनी काय सांगितलं ते त्यांनाच ठाऊक. आज ती लातूरला शिकते. पूल अर्धा झालाय. खांब उभे आहेत, वरचा रस्ता व्हायचाय, आणि काकूंच्या चकरा चालू आहेत. एकदा साहेबांच्या केबिनमध्ये पुन्हा डोळ्यात पाणी आलं म्हणे. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. काकू म्हणाल्या, "पाणी नको, तारीख सांगा."

काल मी बाजारातून तुरीच्या शेंगा आणि वाल घेतले. देशपांडे मॅडमना म्हटलं, या वर्षी येळवशीला आमच्याकडं चला. त्यांनी आधी नको-नको केलं, मग विचारलं, "नदी उतरावी लागते का हो?" त्या येणार आहेत.

काकूंनी काय ठरवलं ते माझ्या पत्रामुळे ठरवलं, असं मी म्हणत नाही. त्या भाकरीमुळे ठरवलं असावं. पण परवा आईनं सांगितलं की ते पत्र अजून काकूंच्या घरी आहे, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या मागं ठेवलेलं. मी त्याचा कच्चा खर्डा जपून ठेवला होता. तोच खाली उतरवतो.

ती. सोजरकाकूंना, मिलिंदचा सप्रेम जयभीम.

मी सुखरूप पोचलो. तुमच्याशी समोर बोलायला आलो होतो, पण जेवून परत आलो. माझं नेहमीचंच.

काकू, तुम्ही म्हणालात की पुढच्या वेळी रडू आलं तर ते खरं की खोटं, तुमचं तुम्हालाच कळणार नाही. यावर मी गाडीत खूप विचार केला. मला वाटतं, ते तुम्ही एकटीनं ओळखायचं कामच नाही. गयाबाईंनी ओळखलं. त्या व्हिडिओत तुमचा आवाजही नव्हता, तरी त्यांनी ओळखलं आणि भाकरी थापून आल्या. कारण चुकीचं धरलं त्यांनी, पण दुःख बरोबर धरलं. बंटीनं कितीही मोठे फ्लेक्स लावले तरी त्याच्यासाठी कुणी नदी उतरून येणार नाही.

आणि एक तुम्हाला कधी सांगितलं नाही ते सांगतो. लातूरला त्या दिवशी तुम्ही शिक्का आणायला गेलात, तेव्हा मी खिडकीपाशी रडत उभा होतो. लोक बघत होते. काही पोरं हसत होती. एक बाई मला प्यायला पाणी देऊन गेल्या. मला सगळ्यांची लाज वाटत होती, हसणाऱ्यांची आणि पाणी देणाऱ्या बाईंचीसुद्धा. पळून जावंसं वाटत होतं. पण तुम्ही सांगून गेला होतात म्हणून गज सोडला नाही. तुम्ही रडू नको म्हणाला असता, तर मला ते जमलं नसतं आणि मी नक्की पळालो असतो. तुम्ही रडायला परवानगी दिली, म्हणून उभा राहू शकलो. माझं पुढचं सगळं त्या उभं राहण्यातून आलेलं आहे.

राजीनामा द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. तुम्हाला शिकवायची माझी लायकी नाही. मी फक्त तुमचंच वाक्य तुम्हाला परत पाठवतो आहे, इतकी वर्षं माझ्याकडं नीट ठेवलेलं.

काकू, रडायचं तर रडा. पर रांग सोडू नका.

तुमच्या भिंतीपलीकडचा,
मिलिंद